शालूच्या नावाची काच

१

काचेवरची चिठ्ठी शालूच्या नावाची होती, अक्षर हरिहरचं होतं, आणि रक्त मात्र तिसऱ्याच कुणाचं तरी होतं.

हे उघडकीला आलं मंगळवारी सकाळी आठ वाजता, ठाणे स्टेशनाजवळच्या हरिहरच्या दवाखान्यात. हरिहर माझा भाचा. मुंबईला डॉक्टरी शिकला आणि येताना एक सूक्ष्मदर्शक घेऊन आला, त्याला तो पोटच्या पोरासारखा जपतो. मी अण्णा, ठाण्याच्या कोर्टातला पेन्शनर शिरस्तेदार. तीस वर्षं लोकांच्या खोट्या जबान्या उतरवून घेतल्या, त्यामुळे आता कुणी मला नमस्कार केला तरी मी मनात त्याची उलटतपासणी घेतो. घरचे वैतागतात. त्या सकाळी मात्र भाच्याने मुद्दाम बोलावणं धाडलं.

"अण्णा, जरा बघा हो," तो म्हणाला. डिसेंबरच्या गारठ्यात त्याच्या कपाळावर घाम होता.

मी भिंगाला डोळा लावला. आदल्या दुपारी याच काचेवर मी फिकट तांबड्या चकत्या पाहिल्या होत्या, आणि काही चकत्यांत इवल्याशा निळ्या कड्या. "हिवतापाचं बीज!" असं म्हणत हरिहरने त्यांचं चित्रही वहीत काढून ठेवलं होतं. आज कडी औषधालाही नव्हती. चकत्यांच्या मधूनच निळसर, वळसे घेतलेले दोरे पडले होते. तीन तरी मी मोजले.

या एका काचेवर काय टांगलेलं आहे ते मला ठाऊक होतं. शालू ही कोपरीच्या मिठागरावर राबणाऱ्या काळुरामची सून. वय एकोणीस, पदरात सात महिन्यांचं मूल. तिला थंडी वाजून ताप आला आणि जांघेत गाठ आली. एकोणीसशे साल उजाडायला महिना उरला होता, तीन वर्षं झाली तरी प्लेग हटत नव्हता, आणि जांघेतली गाठ म्हटलं की माणसं दार लावून घेत. गाठ पायाला मीठ कापल्यामुळे आली आहे, असं हरिहर छातीठोक सांगत होता. पण सरकारी साहेबाला पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे त्या कड्या.

"पुन्हा टोच ना तिच्या बोटाला," मी म्हटलं.

"काल काच पाहिल्याबरोबर क्विनीन दिलं मी. आता तिच्या रक्तात काही सापडायचं नाही. गाठीतलं पाणी मुंबईला पाठवलं तर उत्तराला चार दिवस. आणि साहेब आज चार वाजता येतोय."

चार दिवस म्हणजे खाडीकाठच्या प्लेगच्या छपरात, खऱ्या रोग्यांच्या शेजारी, अंगावरच्या मुलासकट. तिथून धडपणी परत आलेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं.

"गडबडीत दुसऱ्याच कुणाची काच उचलली नसशील ना?"

"नाही अण्णा. चिठ्ठीवर वेळ आहे, सोमवार, सकाळी अकरा. हे दोरे म्हणजे किडे आहेत, आणि सकाळी अकरा वाजता ते कुणाच्याही रक्तात सापडत नाहीत. हे रक्त रात्री काढलंय."

२

मी त्याला दोनदा समजावून सांगायला लावलं. कोर्टातली सवय.

किडे अंगात खोल राहतात, तो म्हणाला. दिवसा फुप्फुसात दडून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, कातडीखालच्या रक्तात येतात. डासच त्यांना एकाकडून दुसऱ्याकडे नेतो. हिवतापाचंही तसंच आहे, हे कलकत्त्याकडे नुकतंच सिद्ध झालं होतं.

"म्हणजे भिंगात सगळे ताप दिसतात तर."

"कुठले दिसतात? तो हाडमोड्या ताप, घरंच्या घरं आडवी करतो, त्याचं बीज अजून कुणाच्या भिंगात आलेलं नाही. असेलच तर फार बारीक असेल. जे दिसतं तेवढ्याच्या बळावर मी भांडतो, अण्णा. आणि आज तेही कुणीतरी चोरलं."

दवाखाना सूर्यास्ताला बंद होतो. रात्री इथे कुणाचं रक्त काढलं जात नाही. तेव्हा कुणीतरी बाहेर, रात्री, रक्त घेतलं, इथल्यासारखंच पातळ पसरलं, रंगवलं, आणि शालूची चिठ्ठी त्यावर आणली. आत वावरणारी माणसं तीन. गोविंदा शिपाई, रखमाबाई सुईण आणि आनंद कारकून.

पायरीवर काळुराम उकिडवा बसला होता. मला पाहून उठला.

"अण्णा, माजे सुनंला नेनार नाय ना? पोर अजून अंगावर पितंय."

"बस तू," एवढंच मी म्हटलं. खोटं बोलायची चीड असलेल्या माणसाला अशा वेळी बोलायला फार थोडं उरतं.

आधी गोविंदाला बोलावलं. तोही कोपरीचा, आणि मिठागराच्या बांधावरून त्याचं आणि काळुरामचं वाकडं. गावभर जाहीर.

"दोन वरसा बोलना नाय आमचा," तो म्हणाला. "त्याना माजा बांद फोरला. पन त्याचे सुनंला मी प्लेगात धारीन? ती माजे मावशीची नात हाय, अण्णा."

"रात्री इथेच झोपतोस. कपाटाची किल्ली?"

"खिल्याला. सगल्यांना ठाव हाय."

"काल संध्याकाळी काय काय झालं, क्रमाने सांग."

"आनंदराव पाचचे गारीला गेलं. मंग दिवे लागनीला तार आयली, ती मीच डाक्तरच्या हाती दिली. रखमाबाय व्हती. डाक्तरनी वाचून दावली. मंग मी दार लावला."

तारेचं मला हरिहरने सांगितलंच नव्हतं. "कसली तार रे?" मी आत ओरडलो.

"नवा साहेब येतोय त्याची! जुने साहेब नुसती चिठ्ठी वाचून सही करत. हा स्वतः भिंगात बघतो म्हणे. म्हणून तर सकाळी काच पुन्हा पाहिली मी. नाहीतर बघितलीच नसती."

थोडक्यात चोरी पचली असती.

३

रखमाबाई पदर खोचूनच आल्या. साठीच्या, ठसठशीत, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या.

"माझ्यावर संशय असेल तर तोंडावर बोला," त्यांनीच सुरुवात केली. "गाठ बघितली तेव्हा प्लेग म्हणाले मीच. डॉक्टरांनी त्या काचेत बघून मला खोटं पाडलं, कोपरीच्या बायकांसमोर. राग आला. अजून आहे."

"मग काच बदलायला कारण आहे तुम्हाला."

"आहे की. पण मला त्यातलं पसरणं नि रंगवणं येत नाही. आणि पोरीचं मूल बघितलंय मी."

इतकं उघड बोलणारी साक्षीदार खोटी असली तर फार हुशार असते, नाहीतर खरी असते. मला ठरवेना. तेवढ्यात माझं लक्ष मेजाकडे गेलं. शालूच्या नावाच्या काचेभोवती मुंग्या जमल्या होत्या. शेजारी दुसऱ्या चार काचा होत्या, त्यांच्याकडे एकही मुंगी फिरकत नव्हती.

"रखमाबाई, हे काय?"

त्यांनी चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलला, बोटावर चोळला, नाकाशी नेला.

"हा डिंक माझा नव्हे. इथला डिंक मीच करते, त्यात मोरचूद घालते, मुंगी शिवत नाही. ही कणकेची खळ आहे. घरात पोथ्यांची पानं चिकटवतात ना, ती."

म्हणजे चिठ्ठीला इथला डिंक लावलेलाच नव्हता. कुणीतरी घरून खळ आणली, शालूच्या काचेवरची चिठ्ठी भिजवून काढली आणि दुसऱ्या काचेला लावली. गोविंदा रात्री इथून हलत नाही, त्याला खळ करायला चूल नाही. रखमाबाई घरी जातात, पण त्या तार वाचली तेव्हा हजर होत्या. साहेब भिंगात पाहणार हे ठाऊक असताना किड्यांनी भरलेली काच तशीच कोण राहू देईल? ज्याला साहेब फक्त चिठ्ठी वाचतो असंच अजून वाटत होतं, त्यानेच हे केलं होतं.

मला उत्तर सापडलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. पोरगा माझ्या डोळ्यांसमोर वाढला होता. त्याचे वडील कोर्टात माझ्या हाताखाली होते, आणि ते गेल्यावर त्याला हरिहरकडे मीच चिकटवला होता.

दहाच्या गाडीने आनंद आला. छत्री कोपऱ्यात ठेवली, वाकून मला नमस्कार केला.

४

"आई कशी आहे रे?" मी विचारलं.

"बरी आहे, अण्णा. परवाची अमावास्या झाली ना, तिचा नेम असतो. अमावास्या-पौर्णिमेला दोनदोन दिवस ती अंथरुणातून उठत नाही, कुणाला भेटत नाही."

"किती वर्षं?"

"आठ-नऊ झाली असतील."

"ताप असतो?"

"छे छे!" हे फार लवकर आलं.

आतल्या दारात हरिहर उभा होता. 'अमावास्या-पौर्णिमेला' हे शब्द ऐकून त्याने एकदम मान वर केली. मी त्याला हाताने थांबवलं.

"आनंदा, आज नवा साहेब येतोय. तो चिठ्ठी वाचत नाही, भिंगात बघतो. शालूची काच बघणार आहे."

त्याच्या तोंडावरचा रंग उडाला. "पण साहेब तर नुसती सहीच..." एवढं बोलून तो थांबला, आणि मग खालीच बसला.

जबानी काढावी लागलीच नाही. आईला शनिवारपासून ताप होता, जांघेत गाठ होती. शेजारणीच्या कानावर ते गेलं होतं. कल्याणला त्यांच्या आळीत बुधवारी तपासणी होणार होती, आणि तिथला डॉक्टर भिंग घेऊन फिरतो. आईला ठाण्याला आणावं तर परतताना कल्याण स्टेशनवर तापाची बाई अडकलीच. दिवसा घरात सुई काढावी तर शेजारी डोकावतात. म्हणून रविवारी रात्री त्याने आईच्या बोटाला टोचलं, सोमवारी इथे गुपचूप काच रंगवली आणि पाहिली. तिच्यावर आईच्या नावाची चिठ्ठी लावायला घरून आणलेली खळ शालूच्या चिठ्ठीला लावून, पाचच्या गाडीआधीच त्याने काचा बदलल्या.

"कड्या नव्हत्या हो," तो रडत म्हणाला. "एकही नव्हती. मला वाटलं, आईला प्लेगच. आणि शालूच्या काचेत इतक्या होत्या! इथे कोण बघणार होतं? तिला काही होणार नाही असंच मला वाटलं. आईच्या देवांची शपथ."

"आणि ते दोरे?" हरिहरने विचारलं.

"कापसाचे तंतू असतील म्हटलं."

हरिहर त्याच्यासमोर बसला. मारतो की काय असं मला वाटलं.

"आनंद, ते किडे आहेत. गाठ त्यांची, ताप त्यांचा. अमावास्या-पौर्णिमेचा ताप म्हणतात तो हाच, आईंना नऊ वर्षं आहे. प्लेग नाही त्यांना. त्यांची सुटका होती त्या काचेवर, आणि तीच तू इथे आणून टाकलीस."

आनंदने तोंड झाकून घेतलं. मला त्याचा संतापही आला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटला. दोन्ही केलं नाही.

"शालूची काच कुठे आहे?"

"घरी. देवघराच्या कोनाड्यात. तपासणीवाले आले की दाखव म्हणून आईला सांगितलंय."

अकराची गाडी होती. तीनपर्यंत परत यायचं होतं. हरिहर रोगी सोडून निघू शकत नव्हता. मी, आनंद, आणि "बाईमाणूस लागेल तुम्हाला" म्हणून रखमाबाई, असे आम्ही स्टेशनाकडे धावलो.

५

कल्याणला सगळ्यांना उतरवून रांगेत उभं केलं. नाडी, जीभ, काखा. एका गोऱ्या शिपायाने माझी काख दाबली तेव्हा माझ्या मनात आलेला शब्द मी इथे लिहीत नाही. अर्धा तास तिथेच गेला.

आनंदची आई सरोजबाई दारातच भिंतीला टेकून बसल्या होत्या. लाल आलवण, अंगावर घोंगडी, डोळे तापाने चकाकत होते. मला पाहून त्यांनी पदर पुढे ओढला.

"आई, काच कुठे?" आनंद कोनाड्याकडे धावला.

"अरे, रक्ताची काच देवांशेजारी ठेवलीस!" त्या म्हणाल्या. "कुणाचं रक्त, काय, देव जाणे. कढत पाण्याने धुतली मी, राखेने घासली. तुळशीत वाळत ठेवलीय बघ."

तुळशीच्या कठड्यावर काच होती. लख्ख. पलीकडची माती तिच्यातून स्वच्छ दिसत होती.

आनंदने ती उचलून उजेडाकडे धरली. सोवळ्यातल्या विधवेच्या घरात रक्ताची काच ठेवायची, तीही देवात, आणि ती तशीच राहील असं समजायचं! चूक तिची नव्हतीच. पण कोपरीच्या पोरीचा एकुलता एक साक्षीदार धुऊन निघाला होता.

रखमाबाई तेवढ्या हलल्या. "मला बाईंना बघू द्या," म्हणत त्यांनी सरोजबाईंना आत नेलं आणि दार लावलं. बराच वेळ आतून कुजबूज येत होती. मग त्या एकट्या बाहेर आल्या.

"डावा पाय. हत्तीपाय झालाय. गुडघ्याखाली घोट्यापर्यंत सुजून दगड झालाय. नऊ वर्षं लुगड्याच्या घोळात लपवलाय. लेकालाही दाखवला नाही."

आनंद दाराकडे बघत राहिला.

आता माझ्या ध्यानात आलं की साक्षीदार अजून एक उरला आहे. शालूच्या नावाची काच शालूची नाही, एवढं जरी साहेबाला पटलं, तर हरिहरच्या वहीतल्या चित्राला काही किंमत येईल. पण ते पटवायला तो पाय लागणार होता, कारण काचेवरचे किडे आणि हा हत्तीपाय एकाच रोगाचे. दिवसा रक्त काढून किडे दिसणार नव्हते. आणि हे विधवा बाईला कोणत्या तोंडाने विचारायचं?

मी दाराबाहेरूनच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, आनंदने केलेलंही नाही.

"तिचं मूल केवढं आहे?" आतून प्रश्न आला.

"सात महिन्यांचं. अंगावर पितं."

"आनंदा, माझं पांघरूण दे. गाडी किती वाजता आहे?"

"आई, परतताना स्टेशनवर तुला धरतील! ताप आहे तुला!"

"धरू देत. तू कुणाच्या पोरीला धरून दिलंस ते आधी बघू दे मला."

६

साहेब चाराला पाच मिनिटं कमी असताना आला. उंच, किडकिडीत, कंटाळलेला. भिंगात पाहिलं, चिठ्ठी पाहिली, आणि हरिहरला इंग्रजीत विचारलं की हिवताप कुठे आहे.

हरिहरने सगळं सांगितलं. साहेब ऐकत होता, पण त्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं. काच बदलली, खरी काच धुतली गेली, आणि उरली ती डॉक्टरच्या हातची वही. सोयीची गोष्ट आहे, असं तो म्हणाला. बाहेर डोली तयार होती. पायरीवर शालू भिंतीला टेकून बसली होती, पायाच्या जखमेला फडकं, मांडीवर मूल. काळुराम तिच्या आणि डोलीच्या मध्ये उभा राहिला होता, जणू त्याने काही अडणार होतं.

"आणखी एक साक्ष आहे," मी म्हटलं. तीस वर्षांत साक्ष उभी करायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

सरोजबाई रखमाबाईंचा हात धरून आतल्या खोलीतून आल्या. आल्या, बाकावर बसल्या, कुणाकडेही बघितलं नाही. मग दोन्ही हातांनी आलवणाचा काठ धरला आणि गुडघ्यापर्यंत वर घेतला.

दारातल्या काळुरामने चटकन पाठ फिरवली. गोविंदानेही. एकमेकांशी न बोलणारे ते दोघे खांद्याला खांदा लावून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीही मान खाली घातली. आनंदने मात्र बघितलं, आणि त्याच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला.

साहेबाचं हसू गेलं. तो गुडघ्यावर बसला, दोन बोटांनी पाय दाबला, गाठीबद्दल रखमाबाईंना विचारलं. उठून पुन्हा भिंगाशी गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग हरिहरची वही मागितली. सोमवारच्या पानावरचं चित्र, कड्या, शेजारी तारीख. शालूच्या पायाची जखमही त्याने फडकं सोडायला लावून पाहिली.

अखेर त्याने दोन कागद लिहिले. पहिला शालूचा: घरीच राहावं, डॉक्टरने सकाळ-संध्याकाळ बघावं. दुसरा सरोजबाईंचा: हा ताप प्लेगचा नाही, कल्याणला अडवू नये. सही करताना त्याने आनंदकडे बोट दाखवून हरिहरला काहीतरी विचारलं. "तो उद्यापासून इथे नसेल," हरिहर म्हणाला. ते मराठीत म्हणाला, आनंदला कळावं म्हणून.

डोली रिकामी गेली. काळुरामने कागद कपाळाला लावला, मग तो कुठे ठेवावा कळेना म्हणून हातातच धरून राहिला. शालू उठली, मूल कडेवर घेतलं, आणि सरोजबाईंच्या समोर येऊन अंतरावर बसली. शिवायचं नाही एवढं तिलाही ठाऊक होतं. सरोजबाईंनी थोडा वेळ त्या मुलाकडे पाहिलं आणि आपणहून हात पुढे करून त्याच्या पायाला लावला.

आनंद येऊन आईच्या पायाशी बसला. मान वर करायची त्याची छाती नव्हती. त्याने आलवणाचा काठ हळूच खाली ओढायला हात घातला.

"राहू दे," सरोजबाई म्हणाल्या. "नऊ वर्षांत वारा लागला नाही त्याला."

सहाची गाडी चुकणार होती, पण उठायची घाई आमच्यापैकी कुणीच केली नाही.